राख किती प्याली

चैत्र सरता सरता उन्हानं असा काही हट्ट धरला की मागावरचा ताणा हातभर विणला की तुटू लागला. सुताला ओल लागते. ओल नसली की ते तडकतं, आणि तुटलेला एकेक धागा शोधून सांधता सांधता म्हाताऱ्या माणसाचे डोळे पाझरायला लागतात. नत्थूजीनं मागाच्या खड्ड्यात रोज दोन घागरी ओतल्या, दाराला ओली पोती टांगली, तरी दिवसाकाठी दीड हाताच्या पुढे लुगडं काही सरकेना. विहिरीनं तळ दाखवला होता. नागपूरच्या इतवारी पेठेतल्या दुकानदाराचा माणूस दोनदा येऊन ओट्यावर बसून गेला होता. अक्षय तृतीयेच्या आत माल पाहिजे, नाहीतर पुढचं सूत दुसऱ्याच्या घरी जाईल, एवढंच सांगून.

त्यातच रुपराव गेला. नत्थूजीचा हा एकुलता मुलगा बापाशी भांडून कामठीला पॉवरलूमवर कामाला लागला होता. सोमवारी जायचा, शनिवारी यायचा.

"त्या लूमले ऊन लागत नाई, बाबा," तो म्हणाला होता.

"जाय. पण तो माग तुह्या हाताचा नाई, लायटीचा आहे," नत्थूजी म्हणाला होता. "लाईट गेली का तू बी गेला."

घरात मग म्हातारा एकटाच पुरुष उरला, आणि बाया तीन. नत्थूजीची बायको जिजाबाई, रुपरावाची बायको गोपिका, आणि दिवस भरत आले म्हणून माहेरी आलेली मोठी लेक अनुसया. अनुसयाला सासरी दोन मुलगे होते. आता मुलगी व्हावी म्हणून ती डोळे लावून होती.

गोपिका नागपूरची. उमरेड रस्त्यापासून कोसभर आत असलेल्या या कोष्ट्यांच्या वस्तीत ती दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा 'कालेजवाली सून' म्हणून बाया मुद्दाम पाणी मागायला येऊन तिला पाहून गेल्या होत्या. तिनं दोन वर्षं गृहविज्ञान घेतलं होतं. तिसऱ्या वर्षाला लग्न झालं. आता तिच्या कडेवर आठ महिन्यांचं पोर होतं, आणि जिवाला घोर. झोपलेल्या पोराच्या नाकापुढे बोट धरून ती श्वास लागतो का पाहायची. खोकला आला की मोजायची, शी झाली की पाहायची. जिजाबाई म्हणायची, "इतकं पाह्यलं त दूध बी उतू जात नाई वं."

घोर उगाच नव्हता. तिचं स्वतःचं बाळंतपण नागपूरला झालं, तेव्हा शेजारच्या खाटेवर एक बाई होती. ती सारखी जांभया देत होती, पाणी मागत होती, आणि "थकली, झोपू द्या" असं सगळे म्हणत होते. सकाळी खाट रिकामी होती. चादर बदललेली होती. गोपिकेनं कुणाला विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

बुधवारी पहाटे अनुसयाच्या पोटात कळा सुरू झाल्या. जिजाबाईनं भागीरथाला बोलावून आणलं. भागीरथा ही वस्तीची सुईण. साठीची, बुटकी, अंगानं सुकलेली, पण हातांचे पंजे गड्यासारखे. वस्तीतलं निम्मं माणूस तिच्या हातावर जगात आलेलं, त्यात रुपरावही.

"राख चाळून ठेवली का?" आल्या आल्या तिनं विचारलं.

राख होती. बाळंतपण या घरात जमिनीवर व्हायचं, चुलीतली राख चाळून तिचा बोटभर जाड थर खाली घालून. राख सगळं ओढून घेते, जमीन खराब होत नाही, माश्या बसत नाहीत. भिजली की टोपल्यात भरायची, वरून कोरडी राख भुरभुरायची आणि मागच्या उकिरड्यावर टाकायची. दुसरा थर घालायचा. सासूच्या सासूपासून चालत आलेलं होतं.

गोपिकेकडे काम आलं ते फडकी फाडायचं. जिजाबाईचं एक जुनं लुगडं तिनं दातात धरून टर्रकन फाडलं, घडीवर घडी ठेवून सारखे सोळा तुकडे केले. एकेक तुकडा आत द्यायचा, भिजलेला बाहेर घ्यायचा, न्हाणीतल्या घमेल्यात ठेवायचा. ऊन असं होतं की घमेलं उघडं ठेवलं असतं तर फडकी दोन घटकांत वाळली असती. म्हणून तिनं वर ओलं पोतं झाकलं. आणि मोजत राहिली.

पाणमोट फुटली तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं. राखेचं पहिलं टोपलं बाहेर गेलं. नवाच्या सुमाराला मुलगी झाली. रडली, चांगली ठसठशीत रडली. अनुसया घामानं निथळत हसली. "माय, मुलगीच का वं? पाह्य बरं नीट."

"मुलगीच आहे," भागीरथा म्हणाली. "आता हिच्या लग्नाचं लुगडं विनाले बसव तुह्या बापाले. आत्तापासून बसला तरच होईन."

वार पडली. भागीरथानं ती उलटून पालटून पाहिली, पुरी आहे म्हणाली. राखेचं दुसरं टोपलं बाहेर गेलं. नवा थर पडला. अनुसयाचं पोट भागीरथानं पट्ट्यानं कचकचून आवळून बांधलं, सुंठेचा काढा पाजला, आणि दाराशी टेकून पान काढलं.

गोपिकेच्या घमेल्यात तोवर चार फडकी झाली होती. मग पाच. मग सहा.

ती दाराच्या चौकटीतून पाहत होती. अनुसयानं जांभई दिली. थोड्या वेळानं आणखी एक. ओठ कोरड्या मातीसारखे दिसत होते.

"वयनी, पाणी दे वं थोडं."

"पाणी नाई," भागीरथा म्हणाली. "बाळंतिनीले पाणी देल्लं का पोट सुटते. काढा पेली ना? पुरे."

गोपिका आत गेली आणि अनुसयाच्या पायाला हात लावला. असल्या उन्हात पाय थंडगार होते.

"आत्याबाई, बाईंचे पाय थंडे आहेत."

"उनाळ्यात थंडे पाय म्हणजे नशीब," जिजाबाई म्हणाली. ती नातीला तेल लावत होती आणि तिचं तोंड फुललेलं होतं.

"अन् जांभया देऊन राहिल्या."

"तुले पहाटेपासून कळा आल्या असत्या त तू काय गाणं म्हटलं असतं?" भागीरथानं पानाची पिचकारी बाहेर टाकली. "काहून वं, कालेजात बाळंतपन शिकवते का?"

"शिकवत नाई. पुस्तकात आहे."

"पुस्तकाचं पोट कधी पुढे आलं होतं का?"

जिजाबाईला हसू आलं. अनुसयाही हसली, पण तिचं हसू अर्ध्यात विरलं आणि डोळे मिटले. गोपिकेचा चेहरा तापला. कडेवरचं पोर तिच्या केसांना झोंबलं. तिनं सातवं फडकं घेतलं आणि बाहेर आली.

शुश्रूषेच्या धड्यात रक्ताच्या मापाची एकच ओळ होती. अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेलं तर धोका. ती ओळ तिनं परीक्षेला पाठ केली होती. पण अर्धा लिटर फडक्यावर पडलं तर केवढं दिसतं, ते धड्यात नव्हतं. थोडं सांडलेलं दूध ओटाभर दिसतं, आणि घागर रेतीत ओतली तर काहीच दिसत नाही. सात फडकी म्हणजे किती? ती न्हाणीत उकिडवी बसून घमेल्याकडे पाहत राहिली. डोळ्यांवर भरवसा बसेना.

मागाचा आवाज येत होता. खट, खट, मग थांबायचा. म्हातारा तुटलेला धागा शोधत होता.

नत्थूजीसमोर ती डोक्यावर पदर घेऊन, अंग चोरून जायची. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची. आज तिनं पोराला झोळीत टाकलं आणि मागाच्या खोलीत खांबाआड उभी राहिली.

"मामाजी, तागडी पाहिजे होती."

नत्थूजीचे पाय खड्ड्यात होते. त्यानं मान वर केली नाही. "सूत आलं का?"

"सूत नाई." तिनं पदर सावरला. "बाईंचे फडके तोलायचे आहेत."

विणायचा धोटा हातातच राहिला. दाराच्या पोत्यातून पाणी टपकत होतं. बायकांच्या खोलीतली अशी गोष्ट सुनेनं सासऱ्यापुढे बोलावी, असं या घरात काय, सबंध वस्तीत कधी झालं नव्हतं. गोपिकेला वाटलं, आता हा उठून बाहेर निघून जाईल.

"काहून?" त्यानं विचारलं.

"किती गेलं ते डोळ्याले समजत नाई. अर्ध्या किलोच्या वर गेलं असंन तर दवाखान्यात न्या लागते. फडके सारखे फाडले आहेत मी. सात ओले एका पारड्यात, सात कोरडे दुसऱ्यात. मग वजन लावलं का जेवढं भरलं तेवढं…" पुढचा शब्द तिच्यानं म्हणवला नाही.

"पाजनीत करतो तसं," नत्थूजी म्हणाला.

सुताला खळ पाजतात तेव्हा तो आधी कोरडी लडी तोलायचा, मग पाजलेली तोलायचा. सूत किती प्यालं ते त्यावरून कळायचं. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. त्यानं खड्ड्यातून एकेक पाय वर घेतला, गुडघे धरून उठला, आणि खुंटीवरची तागडी काढली.

दसऱ्याला हळद-कुंकू लागणारी तागडी ती. त्यानं कोपऱ्यातल्या दोन पत्रावळी घेतल्या, दोन्ही पारड्यांत एकेक घातली. मग तोंड भिंतीकडे केलं आणि हात उंच धरला. "ठेव."

गोपिकेनं फडकी ठेवली. ओली फडकी पत्रावळीवर पडली तसं पारडं धपकन खाली गेलं. दुसऱ्यात तिनं सात कोरडी ठेवली. नत्थूजी तिरक्या नजरेनं फक्त काट्याकडे पाहत होता.

"दोनशे लाव. … शंभर लाव. … पन्नास."

तेवढ्यात जिजाबाई दारात आली आणि तिथंच थिजली.

"अवं माय! लक्ष्मीच्या तागडीत विटाळ! तुमाले काई लाज? पोरीचं रगत तोलून राहिले! बाप आहे का बनिया?"

"थांब जरा. काटा हालते," नत्थूजी म्हणाला.

"अन् हे… हे पोट्टी! सासऱ्याच्या हातात देल्लं हिनं! वस्तीले समजलं त पानी पेईन का कोनी आपल्या घरचं?"

काटा स्थिरावला. साडेतीनशे. अर्ध्या किलोच्या आत.

गोपिकेच्या जिवाला बरं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग शरम आली, पायापासून डोक्यापर्यंत. उगाच केलं. चारचौघींत हसू झालं ते झालं, वर तागडी बाटवली, म्हाताऱ्याला बोल बसला. ती खाली वाकून फडकी गोळा करू लागली.

"झालं का समाधान?" जिजाबाई म्हणाली.

"हाव, आत्याबाई. कमीच आहे."

नत्थूजीनं तागडी खाली ठेवली नाही. पारड्यातलं एक कोरडं फडकं त्यानं दोन बोटांत धरलं आणि चोळून पाहिलं, जसं तो दुकानदाराचं सूत चोळून पाहायचा.

"हे लुगडं दहा वर्सांचं आहे," तो म्हणाला. "धुऊ धुऊ गुळगुळीत झालं. असं कापड जास्त पेत नाई, वरून वाहून जाऊ देते." मग पहिल्यांदाच त्यानं सुनेकडे सरळ पाहिलं. "खाली काय घातलं होतं?"

गोपिकेच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"राख," ती म्हणाली.

सकाळपासून ती फडकी मोजत होती. एकेक घेऊन, झाकून, जपून. आणि तिच्या डोळ्यांसमोरून टोपलं बाहेर गेलं होतं, तिनं सरकून वाट दिली होती. राख लाल होत नाही. काळी होते. काळ्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

ती पळाली. मागच्या दाराशी भागीरथा तिसरं टोपलं घेऊन निघालेली दिसली.

"मावशी, ते टाकू नका."

"काहून? भाजी लावतं का त्याच्यात?"

"पहिलं कुठं टाकलं? दुसरं कोणतं?"

तिच्या आवाजात काहीतरी होतं, भागीरथानं पुढची थट्टा गिळली. हातानं दाखवलं. "ते पानमोटीचं, तिकडं. हे वारीच्या वक्ताचं. अन् हे आत्ताचं." मग जरा थांबून, "जड आहे जरा," असं पुटपुटली.

उकिरड्यावर ऊन नुसतं भाजत होतं. दुसऱ्या टोपल्याचा ढीग वरून पांढराफटक होता. गोपिकेनं हात घातला तर खाली काळी, चिकट, गार ढेकळं लागली. माश्यांचं मोहोळ उठलं. पाणमोटीचा ढीग तिनं सोडला. त्यात पाणीच होतं. दुसऱ्यातलं सगळं हातांनी उकरून टोपलीत भरलं, कोपरापर्यंत काळी झाली. भागीरथा उभी राहून पाहत होती. मग तीही खाली बसली आणि उरलेलं खरवडू लागली.

मागाच्या खोलीत तेवढीच दुसरी टोपली चुलीजवळच्या कोरड्या राखेनं भरली. पारडी काढून नत्थूजीनं दांडीला दोन्ही टोपल्या दोरीनं टांगल्या. आता त्यानं तोंड भिंतीकडे केलं नाही.

"अर्धा किलो लाव."

काटा मधोमध आला.

"आता तिसऱ्या टोपल्याची."

तिला चारशे लागले. जिजाबाई दाराशी होती. तीही आता काट्याकडे पाहत होती.

"साडेतीनशे, पाचशे, चारशे," गोपिका म्हणाली. तिला बेरीज करायची भीती वाटली. ती नत्थूजीनं केली.

"सव्वा किलो. शेरभर अन् वर पावशेर." त्यानं तागडी जमिनीवर टेकवली. "मी देवाजीची बंडी जुपाले सांगतो. बाजेवर घालून उचला तिले."

"ओली बाळंतीन बंडीवर?" भागीरथा म्हणाली, पण आवाजात आधीचा जोर नव्हता. "हवा लागली त वात होईन."

"जीती राहिली त वाताचं पाहू," नत्थूजी म्हणाला आणि चपला न घालता बाहेर पडला.

देवाजी शेजारचा. त्यानं बैल विहिरीवरून तसेच आणले. बाज बंडीवर चढवली. गोपिकेनं पायाकडून बाजेखाली सुताचं गाठोडं सारलं, पाय उंच केले. मुलीला जिजाबाईनं पदरात घेतलं. गोपिकेचं पोर गोपिकेच्या मांडीवर. भागीरथाला कुणी या म्हणालं नव्हतं. ती आपली आपण चढली आणि एका कोपऱ्यात बसली.

बंडी निघाली तशी गोपिकेनं अनुसयाच्या पोटाचा पट्टा सोडला.

"अवं, सुटन ना पोट!" जिजाबाई ओरडली.

गोपिकेनं बेंबीखाली हात दाबला. कणीक लागावी तसं मऊ लागलं. कुठं काही कडक हाताला लागेना. ती चोळू लागली, गोल गोल, पुस्तकात लिहिलं होतं तसं. मधूनच थांबून चमच्यानं पाणी पाजत होती, एका हातानं पोराला धरत होती, दुसऱ्या हातानं चोळत होती. गाडीवाट खडबडीत. धक्क्याधक्क्याला हात निसटत होता. अनुसयाचे डोळे उघडत, मिटत. "वयनी, माहे पोट्टे," असं एकदा म्हणाली. सासरी राहिलेल्या मुलांबद्दल.

भागीरथा मघापासून गोपिकेचा हात पाहत होती.

"काय शोधून राहिली?"

"पिशवी घट्ट व्हायला पाहिजे. नारळावानी. घट्ट झाली का रक्त थांबते."

"सरक," भागीरथा म्हणाली. "तुह्या हातात जोर नाई."

तिनं आपला पंजा घातला. चार-सहा वेळा चोळलं, आणि थांबली, आणि तिचा चेहरा बदलला. "आला," ती हळू म्हणाली. "गोळा आला हाताले." मग तिनं तो हात काढलाच नाही. कोसभर बंडीत, आणि रस्त्याला लागल्यावर एसटीत, जिथं कंडक्टर म्हणाला, "बाई, हे काय दवाखान्याची गाडी आहे?" आणि नत्थूजीनं त्याच्यापुढे नुसते हात जोडले. मागची लांब सीट माणसांनी खाली करून दिली. तिथंही भागीरथा खाली दोन बाकांच्या मध्ये गुडघ्यांवर बसून चोळत होती. घाम तिच्या नाकावरून अनुसयाच्या लुगड्यावर गळत होता.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली, नाडी धरली, आणि भराभर काहीबाही सांगून नर्सला पळवलं. मग मागे वळून विचारलं, "किती रक्त गेलंय?"

हा प्रश्न त्या रोज विचारत असाव्यात, आणि रोज 'लय गेलं' किंवा 'जास्त नाई' असं ऐकत असाव्यात. उत्तराची वाट न पाहता त्या सुई घेऊ लागल्या.

"फडक्यात साडेतीनशे ग्रॅम, राखेत नऊशे," गोपिका म्हणाली. "ते साडेदहा वाजेपर्यंतचं. नंतर फडकी दोन, तोललेली नाहीत."

डॉक्टरीणबाईंचा हात क्षणभर थांबला. त्यांनी या काळ्या हातांच्या, पदर खोचलेल्या पोरीकडे पाहिलं. "दोन बाटल्या रक्त मागवा," त्या नर्सला म्हणाल्या. "आधी एकच सांगितली होती, ती पुरणार नाही."

निरोप पोचून रुपराव कामठीहून आला, तो दिवेलागणीला. अंगावर कापसाचा भुगा तसाच. रक्ताच्या बदल्यात घरच्यानं रक्त द्यावं लागतं असं कळलं, तेव्हा त्यानं बापाकडे पाहिलं. नत्थूजीनं बाही वर सारली होती, पण त्याचं वय पाहून त्याला बाजूला केलं. रुपरावानं दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसयाचा नवरा चंपतराव आला, त्यानंही दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुसयाच्या नखांना जरा रंग आला. मुलीकडे बोट करून तिनं खुणेनंच काही विचारलं. तिला दूध नव्हतं. गोपिका एका बाजूला आपलं पोर आणि दुसऱ्या बाजूला तिची मुलगी घेऊन व्हरांड्यात बसली होती. पाठ भरून आली होती, डोळे आपोआप मिटत होते, आणि अंगावरून दोन तोंडं ओढत होती. जिजाबाई शेजारी येऊन बसली. मग गोपिकेच्या पाठीमागे आपल्या लुगड्याची घडी करून दिली, भिंत टोचू नये म्हणून.

"आजचा दिवस गेला म्हणजे बरं, म्हणून राहिल्या डॉक्टरीन," ती म्हणाली.

"हाव."

"घरी गेल्यावर तागडी चिंचंनं घासू," जिजाबाई म्हणाली. तेवढंच.

भागीरथा कालपासून आत आली नव्हती. नळाजवळच्या पायरीवर बसली होती. तिला कुणी काही बोललं नव्हतं, हेच तिला जड जात असावं. पोरं झोपली तशी गोपिका तोंड धुवायला नळावर गेली.

"आहे ना?" भागीरथानं विचारलं.

"आहेत. जरा बऱ्या आहेत."

भागीरथानं मान हलवली. मग आपले पंजे पुढे करून त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "तुमच्या त्या किलोचं मले काई समजत नाई. तागडी काय मी डोक्यावर घेऊन फिरू? किती झालं म्हणजे न्यायचं, ते माह्या हातानं सांग."

गोपिकेला आधी उमजलं नाही. भागीरथानं दोन्ही हातांची ओंजळ केली. "हे वंजळ. अशा किती?"

व्हरांड्याच्या कोपऱ्यात सलाइनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांची पेटी होती. आयाला विचारून गोपिकेनं एक घेतली. ही अर्ध्या लिटरहून थोडी मोठी. तिनं नळाखाली भरली आणि भागीरथाच्या ओंजळीत ओतू लागली. एक ओंजळ भरली, भागीरथानं सोडून दिली. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी अर्धी झाली आणि बाटली संपली.

"चार," गोपिका म्हणाली. "चौथी भरली का थांबायचं नाई. बंडी जुपायची. अन् राख घालायची नाई, मावशी. फडकं घालायचं. राखेत दिसत नाई."

"चार," भागीरथा म्हणाली. ओल्या अंगठ्यानं तिनं बोटांची पेरं मोजली. "अन् अनुसयाचं किती होतं?"

गोपिकेनं पुन्हा बाटली भरली. मग पुन्हा. पाचवी पुरी झाली, मग सहावी, सातवी, आठवी. पायरीखाली पाण्याचं थारोळं झालं. नळावर भांडं घेऊन उभी असलेली एक बाई म्हणाली, "काय खेळ मांडला वं माय, पानी नाई गावात अन्." दहावी भरली तेव्हा गोपिकेनं बाटली खाली केली.

"दहा," ती म्हणाली. "दहा अन् थोडी."

भागीरथा थारोळ्याकडे पाहत होती. ओल्या अंगठ्यानं ती पुन्हा पेरं मोजत होती.

"मावशी, चला आत. चहा घ्या."

"गनपतरावची सून," भागीरथा म्हणाली. "तीन वर्सं झाले पोळ्याले. उंच होती, देखनी. जांभया देत देत झोपली, ते उठलीच नाई. थकून गेली म्हनलं आमी. मीच म्हनलं." ती थांबली. "पाच टोपले राख काढली होती मी तिच्याखालून. माह्याच हातानं."

आतून कुठल्या तरी पोराचं रडणं आलं, आपलं का अनुसयाचं, ते गोपिकेला ओळखू आलं नाही. ती वळली.

भागीरथानं तिचा पदर धरला. दुसऱ्या हातानं नळाकडे दाखवलं, मग पदर सोडून दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"ओत," ती म्हणाली. "तिची अजून भरली नाई."